कॉफीची प्रत तोडणीत ठरते

पिंपरी-चिंचवडमध्ये गेल्या काही वर्षांत कॉफीची दुकानं भराभर वाढली. वाकड, पिंपळे सौदागर, रावेत, निगडी आणि आता मोशीपर्यंत ती पोहोचली आहेत. दर्शनी भागात चकचकीत इटालियन यंत्र, मागे काचेच्या बरण्यांत भाजलेल्या बिया आणि फळ्यावर कपाचा दर. कॉफीची गोडी लागलेला नवा वर्ग या पट्ट्यात तयार झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच्याबरोबर एक मतही रुजलं आहे आणि माझा विरोध त्या मताला आहे.

हे मत तीन तऱ्हांनी कानावर पडतं. दुकानवाला म्हणतो, चांगली कॉफी म्हणजे चांगलं यंत्र आणि जाणकार भाजणी, बी कुठलीही आणा. व्यापारी म्हणतो, मळ्यात फळं कशीही तोडा, रंग ओळखून बी निवडणारी यंत्रं आता आली आहेत, ती खराब माल बाजूला काढतात. आणि जमिनीचे पैसे हातात आलेला एखादा उत्साही माणूस म्हणतो, मग कूर्गलाच कशाला जायचं? खेड-मावळात ठिबक टाकू, शेडनेट उभारू, इथेच पिकवू. बोलणारे वेगळे असले तरी तिघांचा विश्वास एकच आहे: पैसा आणि यंत्र असलं की प्रत मागाहून आणता येते.

हा विश्वास चुकीचा आहे. कॉफीची प्रत झाड जिथे उभं आहे त्या जागेत आणि फळ तोडणाऱ्या हातात ठरते. त्यानंतरचा प्रत्येक टप्पा ती राखतो किंवा घालवतो. वाढवू मात्र कुठलाच टप्पा शकत नाही.

आधी समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य करतो. यंत्राला महत्त्व आहे. पाण्याचं तापमान चुकलं, दळण जाड-बारीक झालं, तर उत्तम बीही कपात कडू किंवा पाणचट लागते. भाजणी ही विद्या आहे. चार-पाच मिनिटांची हयगय संपूर्ण घाण्याची वाट लावते. पण या सगळ्या उदाहरणांत काय घडतं ते नीट पाहा. चांगल्या मालाचं वाईट होतं. वाईट मालाचं चांगलं झाल्याचं एकही उदाहरण भाजणीवाला देऊ शकत नाही. गडद भाजून तो दोष झाकतो, पण तेव्हा आपण बीची चव न पिता करपलेपणाची चव पितो.

असं का होतं हे समजायला झाडाकडे जावं लागतं. कॉफीचं झाड उन्हाळ्याच्या तोंडाशी पावसाच्या एका चांगल्या सरीची वाट पाहत असतं. दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान ही सर येते. तिच्यानंतर आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. पुढे दोन-तीन आठवड्यांनी दुसरी सर आली तर फळं धरतात. तिथून पिकलेल्या फळापर्यंत कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकाला आठ-नऊ महिने आणि रोबस्टाला दहा-अकरा महिने लागतात. पाऊस एका दमात येत नसल्यामुळे फुलंही एका दमात येत नाहीत. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकाच फांदीवर हिरवं, पिवळसर, लालबुंद आणि वाळून काळं पडलेलं अशी चारही अवस्थांतली फळं शेजारी-शेजारी असतात.

यांतलं फक्त लाल फळ कामाचं. फळ पिकण्याच्या शेवटच्या आठवड्यांत त्याच्या गरात साखर वाढते आणि बीमध्येही चवीला लागणारी द्रव्यं पुरी होतात. हिरव्या फळातली बी भाजली की फिकट, पिवळसर राहते, कारण तपकिरी रंग आणि सुवास ज्यांपासून येतो ती साखर व अमिनो आम्लं तिच्यात पुरेशी तयारच झालेली नसतात. कपात ती तुरट आणि भुसकट लागते. झाडावर जास्त राहिलेलं फळ आतून आंबायला लागतं आणि पूर्ण आंबलेली एखादी बीही अख्ख्या कपाला कुजका वास देऊ शकते. म्हणून चांगल्या मळ्यात अरेबिकाची तोडणी एकदा करून भागत नाही. आधी लवकर पिकलेली तुरळक फळं टिपायची, मग दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने मुख्य तोडणीच्या फेऱ्या करायच्या आणि सगळ्यात शेवटी झाडावर उरलेलं सरसकट काढून ते वेगळं ठेवायचं. तोडलेलं फळ त्याच दिवशी सोलायला जावं लागतं. पोत्यात रात्रभर राहिलं तर ते तापतं आणि आंबतं. सोलल्यावर बीभोवतीचा चिकट थर सुटण्यासाठी अरेबिका साधारण दीड दिवस टाकीत ठेवायची, धुवायची आणि ओल दहा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत ओट्यावर पातळ पसरून, वारंवार हलवत वाळवायची. या साखळीत पहिली कडी तोडणाऱ्या बाईच्या बोटांत आहे. ती बोटं लाल फळ घेतात आणि हिरवं सोडतात तेव्हा प्रत ठरते.

आता शेजारच्या चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना मी सरळ विचारतो. या पट्ट्यातल्या कुठल्याही कंपनीत, मग ती गाड्या बनवणारी असो की गाडीवाल्यांना पिस्टन, गिअर, वायरिंग पुरवणारी असो, लाइनच्या शेवटी तपासणी करून दर्जा येतो असं कुणी मानतं का? शेवटच्या तपासणीत जे सापडतं त्याला इथे रिजेक्शन म्हणतात आणि त्याचा हिशेब तोट्यात धरतात. दर्जातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांच्या चौदा सूत्रांपैकी तिसरं सूत्र हेच सांगतं की, दर्जासाठी शेवटच्या तपासणीवर विसंबू नका, तो मुळापासून कामातच भरा. साठ वर्षांत पिंपरीपासून चाकणपर्यंत जे उद्योगविश्व उभं राहिलं, त्याने हा धडा जपान्यांकडून, जर्मनांकडून आणि स्वतःच्या ठेचांतून घेतला. कच्चा माल आत येतानाच त्याची तपासणी होते. पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन त्याची प्रक्रिया पाहिली जाते. ऑपरेटरला चूक दिसली तर लाइन थांबवण्याचा अधिकार दिला जातो. हे सगळं जाणणारा माणूस संध्याकाळी वाकडच्या दुकानात बसून चांगली कॉफी यंत्रातून येते असं म्हणतो, तेव्हा तो आपलंच शहाणपण दाराबाहेर ठेवून आत गेलेला असतो.

रंग ओळखणाऱ्या यंत्रांचं म्हणणंही याच कसोटीवर टिकत नाही. ही यंत्रं उपयोगी आहेत. काळी, फुटकी, कीड लागलेली बी ती झपाट्याने काढतात. पण ती फक्त काढतात. शंभर किलो मिश्र मालातून वीस किलो खराब काढलं, तर उरलेल्या ऐंशी किलोची चव आदल्या क्षणी होती तेवढीच राहते. शिवाय सगळे दोष रंगात दिसत नाहीत. ओल्या पोत्यात तापलेली बी बाहेरून स्वच्छ दिसू शकते आणि कपात आल्यावरच आपला आंबूस वास सांगते. त्याहून मोठा तोटा वेगळा आहे. हिरवं तोडलेलं फळ आणखी दोन आठवडे झाडावर राहिलं असतं तर तेच उत्तम झालं असतं. यंत्र त्याला फेकून देऊ शकतं, पण त्या दोन आठवड्यांचं पिकणं परत आणू शकत नाही.

यावर ब्राझीलचं नाव हमखास पुढे केलं जातं. जगातला सर्वांत मोठा कॉफी उत्पादक देश यंत्रांनी तोडणी करतो, आणि तिथूनही नावाजलेली कॉफी येते. मग आपल्याला हाताने तोडण्याचा अट्टहास कशाला? उदाहरण खरं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ब्राझीलच्या पठारांवर सपाट जमीन, सरळ ओळी, उघडं आकाश आणि कोरडा हिवाळा आहे. त्यामुळे फुलोरा बराचसा एकाच वेळी येतो आणि फळंही बरीचशी एकदम पिकतात. दर्जाची चाड असलेला तिथला शेतकरी बहुतेक झाड लाल होईपर्यंत थांबतो, यंत्राचा वेग आणि झटके त्या हिशेबाने लावतो आणि नंतर पाण्याच्या टाकीत वाळलेली व सोलणी यंत्रात हिरवी फळं वेगळी करून ती स्वस्तात विकतो. म्हणजे पिकलेलं फळ वेगळं ठेवण्याचा नियम त्याने मोडलेला नाही. तो पाळण्याची त्याच्या जमिनीला साजेशी रीत त्याने शोधली आहे.

आपली कॉफी डोंगर-उतारावर आणि झाडांच्या सावलीत वाढते. पांगारा, उंबर-वडाच्या जातीतली झाडं, सिल्व्हर ओक आणि त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल यांच्याखाली कॉफी असते. तिथे यंत्र शिरत नाही. मग सावली काढून टाका, असं सुचवणारेही आहेत. सावली गेली की अरेबिकाच्या उघड्या खोडावर पांढरा खोडकिडा येतो. उन्हात तापलेल्या सालीच्या भेगांत त्याची मादी अंडी घालते, अळी खोड पोखरते आणि झाड उपटून जाळण्याखेरीज मार्ग राहत नाही. सावली फळाला सावकाश पिकू देते, माती धरून ठेवते आणि मिरीचं दुसरं उत्पन्न देते. ज्या सावलीमुळे भारतीय अरेबिका टिकली, तीच यंत्राला जागा करून देण्यासाठी तोडायची, हा सल्ला मळा संपवणारा आहे.

हाताने केलेल्या तोडणीला दाम मिळाला नाही तर काय होतं, याचा पुरावा आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १६७० च्या सुमारास बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. पुढे त्या डोंगरांत, कोडगूत (म्हणजेच कूर्गमध्ये), वायनाडात आणि निलगिरीत मळे पसरले. दुसऱ्या महायुद्धात निर्यातीचे मार्ग बंद झाले, भाव कोसळले आणि १९४२ च्या कॉफी कायद्याने सगळा माल कॉफी बोर्डाकडे जमा करण्याची पद्धत आली. संकटात तिने मळेवाल्यांना तारलं, हे नाकारता येणार नाही. पण युद्ध संपल्यावरही ती जवळजवळ अर्धं शतक चालू राहिली. सगळ्यांचा माल एकत्र होई आणि मोबदला वाण, प्रक्रिया व आकाराच्या प्रतवारीवर ठरे. एखाद्याने चार फेऱ्या करून फक्त लाल फळ तोडलं, तरी त्याच्या मळ्याच्या नावाने वेगळा कप कुणी चाखत नव्हतं आणि वेगळा भावही देत नव्हतं. मग चार फेऱ्यांची मजुरी त्याने कशासाठी सोसावी? १९९० च्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने सैल झाली, १९९६ मध्ये संपली, आणि त्यानंतरच भारतीय कॉफी मळ्याच्या नावाने विकली जाऊ लागली. डोंगर तेच होते, पाऊस तोच होता आणि बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने दिलेलं सिलेक्शन ७९५ सारखं वाणही आधीपासून मळ्यांत होतं. बदल झाला तो लाल फळाला वेगळा पैसा मिळू लागला म्हणून.

आता इथेच पिकवू म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांची जिद्द मला आवडते, पण त्यांचं गणित मला मान्य नाही. अरेबिकाला साधारण १,००० ते १,५०० मीटर उंची, १५ ते २५ अंश तापमान आणि वर्षातल्या बऱ्याच महिन्यांत विखुरलेला पाऊस लागतो. रोबस्टा खालच्या उंचीवर येते, पण तिला दमट हवा आणि कोरड्या दिवसांत भरपूर पाणी हवं. पिंपरी-चिंचवड आणि चाकण साधारण ५५० ते ६५० मीटरवर आहेत. पुण्यात पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पडतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो. पश्चिमेला भीमाशंकर-लोणावळ्याकडे सरकावं तर पाऊस ३,००० ते ४,००० मिलिमीटरच्या घरात जातो. पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि पुढचे सात-आठ महिने डोंगर कोरडे पडतात. आपला वळीव एप्रिल-मेमध्ये येतो, बेभरवशाचा असतो आणि कधी गारा घेऊन येतो. कॉफीच्या फुलोऱ्याला ठरावीक काळात लागणारी ती सर आपल्या आकाशात नाही.

तुषार सिंचनाने ती सर देता येते, असं उत्तर मिळेल. कोडगूतले रोबस्टावाले ते करतातच. पण ते पाणी आणायचं कुठून? पवना धरणातून शहराकडे येणाऱ्या बंद जलवाहिनीच्या वादात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. भामा आसखेड धरणाचं पाणी शहराकडे नेतानाही खेडमधल्या धरणग्रस्तांचा आक्रोश सगळ्यांनी पाहिला. जिथे पिण्याच्या पाण्यावरून माणसं मेली, तिथे ऐन उन्हाळ्यात एका हौशी पिकाला फुलवण्यासाठी तुषार लावायचे, हे मला न्यायाचं वाटत नाही. भीमाशंकरच्या माथ्यावरचं रान १९८५ पासून अभयारण्य आहे. शेकरूचं आणि हिरडा वेचून जगणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांचं ते घर आहे. तिथे मळे घालण्याचा विचारही कुणी करू नये. आणि एवढं सगळं जमवलंच, तरी मूळ प्रश्न उरतो तो तोडणीचा. चाकणच्या कंपन्या वर्षभर कंत्राटी माणसं मागत असताना डोंगरउतारावर अडीच-तीन महिने एकेक लाल फळ टिपायला कोण येणार? हौसेने परसात चार झाडं लावा, त्यांना फळंही येतील. पण विकण्याजोगी उत्तम कॉफी शेडनेटच्या खर्चाने येत नाही.

महाराष्ट्रात कॉफी होऊच शकत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. ती आहे. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या माथ्यावर, १,१०० मीटरच्या वर वसलेल्या चिखलदऱ्यात ब्रिटिशांच्या काळापासून कॉफीची झाडं आहेत. तिथे उंची आहे, थंडावा आहे आणि ज्यांना रानातली फळं पिढ्यान्‌पिढ्या ओळखता येतात ती कोरकू माणसं आहेत. तरी चिखलदऱ्याची कॉफी पर्यटकाच्या पिशवीपलीकडे नावाने ओळखली जात नाही. तिच्या शेजारी आंध्र प्रदेशातलं आराकू ठेवून पाहा. पूर्व घाटातला तोही आदिवासी डोंगरपट्टा. उंची साधारण चिखलदऱ्याच्या आसपासचीच. कॉफीच्या जुन्या परंपरेत कोडगूच्या जवळपासही न बसणारा. तिथे छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था झाल्या, नांदी फाउंडेशन या संस्थेने त्यांच्याबरोबर अनेक वर्षं काम केलं, शेतकऱ्यांना पिकलेलं फळच तोडायला शिकवलं आणि ते फळ एका ठिकाणी आणून त्यावर प्रक्रिया केली. २०१८ मध्ये पॅरिसमध्ये आराकूच्या कॉफीला सुवर्णपदक मिळालं आणि २०१९ मध्ये आराकू अरेबिकाला भौगोलिक मानांकन. महाराष्ट्राचा कॉफीवर काही खर्च करण्याचा विचार असेल तर तो मेळघाटात, कोरकूंच्या हाताला लाल फळाचा दाम देण्यात व्हावा. खेड-मावळच्या कांदा-बटाट्याच्या आणि भाताच्या शेतात तो होऊ नये.

आता पैशाचा मुद्दा, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. लाल फळ टिपून तोडायला मजुरी जास्त पडते, मग कॉफी महाग होईल आणि सामान्य माणसाला परवडणार नाही, असं म्हणतात. हिशेब करून पाहू. एका मोठ्या कपाला सुमारे १८ ग्रॅम भाजलेली कॉफी लागते. एक किलो भाजलेल्या कॉफीसाठी साडेसहा किलोच्या आसपास पिकलेली फळं लागतात. म्हणजे एका कपामागे सुमारे १२० ग्रॅम फळं, मोजायची तर साठ-सत्तर. आता तोडणाऱ्या बाईला आजच्या मजुरीवर किलोमागे ५ रुपये जास्त द्या. कपामागे खर्च वाढतो ६० पैसे. १० रुपये जास्त दिले तरी सव्वा रुपयाच्या आतच. वाकडच्या दुकानात तोच कप दोनशेच्या घरात विकला जातो. भाडं, वीज, यंत्राचा हप्ता, दूध आणि सजावट यांना त्या दोनशेत जागा आहे, मग ६० पैशांना नाही? तोडणी महाग पडते हे कारण खोटं आहे. ती महाग पडते फक्त त्या मळेवाल्याला, ज्याला लाल आणि हिरव्या फळाचा भाव सारखाच मिळतो.

गेल्या काही वर्षांत कॉफीचे भाव चढले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने पौंडाला चार डॉलरची पातळी ओलांडली. मग आता शेतकऱ्याला पैसा मिळतोच आहे, प्रत आपोआप सुधारेल, असं कुणाला वाटेल. उलटंच होतं. सगळाच माल चढ्या भावाने जात असेल तर लाल होण्याची वाट पाहण्यात शेतकऱ्याला धोकाच जास्त दिसतो. अवकाळी पाऊस आला तर फळ गळेल, चोरी होईल, मजूर निघून जातील. तो फांदी ओरबाडतो आणि मोकळा होतो. किलोवर मजुरी घेणारी बाईही हिरवं फळ सोडण्यात स्वतःची टोपली हलकी करून घेत असते, आणि त्या सोडण्याचे पैसे तिला कुणी देत नाही. आसाममधून, उत्तर कर्नाटकातून कोडगूत येणाऱ्या मजुरांनी आपल्या पोटाला चिमटा घेऊन शहरातल्या कपाची चव सांभाळावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. दर्जाचा भाव वेगळा हवा आणि तो तोडणाऱ्या हातापर्यंत पोहोचायला हवा. नुसती तेजी हे काम करत नाही.

आणखी एक आक्षेप आपल्या घरांतून येतो. आपण कॉफीत भरपूर दूध, साखर, वर जायफळ घालतो. आपल्याला या बारकाव्याचं काय? दूध पातळपणा झाकतं हे खरं. पण बुरशी आणि आंबलेला वास दुधातही लपत नाही. जायफळ जास्त घालावं लागतं ते बहुधा त्यासाठीच. नीट पिकलेली, धुऊन वाळवलेली रोबस्टा दुधात टाकून पाहा, ती दुधाला दबत नाही. चांगली बी हा काळी कॉफी पिणाऱ्या मूठभरांचा चोचला आहे, हा समज आपल्या आजी-मावश्यांच्या कॉफीचा अपमान आहे. त्यांच्या कपालाही पिकलेल्या फळाचा तेवढाच हक्क आहे.

म्हणून माझं मागणं दुकानांइतकंच या पट्ट्यातल्या कंपन्यांकडे आहे. इथे हजारो माणसं तीन पाळ्यांत कँटीनची आणि व्हेंडिंग मशीनची कॉफी पितात. साधा बोल्ट घ्यायचा तर हाच खरेदी विभाग पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन ऑडिट करतो आणि स्टील कुठल्या हीटचं ते विचारतो. कॉफी घेताना मात्र तो सर्वांत कमी दराच्या निविदेवर सही करतो. डेमिंग यांचं चौथं सूत्र त्याला ठाऊक असतं: केवळ किमतीवर खरेदी करू नका. कॉफीच्या पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. आपण कॉफीच्या दराने किती चिकोरी विकत घेतो, एवढं वाचण्याचीही तसदी घेतली जात नाही. सुट्ट्या भागांसाठी लावलेली शिस्त कॉफीला लावायची म्हटली तर नवं काही शिकावं लागणार नाही. माल कुठल्या तालुक्यातल्या, कुठल्या मळ्यातला, कुठल्या हंगामाचा, आणि पिकलेल्या फळाला वेगळा भाव दिला होता का, हे निविदेत विचारा. एका कंपनीने विचारलं तर पुरवठादार हसेल. दहा कंपन्यांनी विचारलं तर तो मळ्यापर्यंत जाईल.

कॉफीच्या दुकानांच्या तरुण मालकांनाही माझं हेच सांगणं आहे. तुमच्यातले अनेक जण मन लावून काम करतात, हे मला दिसतं. पण पुढचं कर्ज दुसऱ्या, आणखी महागड्या यंत्रासाठी काढण्याआधी एक हंगाम मळ्यात जाऊन या. डिसेंबरच्या सकाळी तोडणीच्या ओळीत उभे राहा, टोपलीतली फळं हातात घेऊन त्यात हिरवी किती ते पाहा आणि मळेवाल्याशी थेट बोला. फक्त लाल फळ देशील तर किलोमागे एवढे जास्त देतो, आणि त्यातले एवढे तोडणाऱ्यांना गेले पाहिजेत, हे लेखी ठरवा. मग फळ्यावर यंत्राच्या कंपनीच्या नावाऐवजी त्या मळ्याचं नाव आणि तो जादा दर लिहा.

आणि वाचकहो, तुम्ही गिऱ्हाईक आहात. तुमच्या हातात सगळ्यात सोपं काम आहे. पुढच्या वेळी दुकानात दोनशे रुपये मोजताना एवढंच विचारा: ही फळं तोडणाऱ्याला हिरवं फळ सोडण्याचे पैसे मिळाले का? उत्तर नसेल, तर ती कॉफी उत्तम म्हणून विकण्याचा त्या दुकानाला अधिकार नाही.